टेबलाला कसं कळतं किती ढकलायचं?

टेबलावर एक पुस्तक ठेवलंय. पृथ्वी त्याला खाली ओढतेय, टेबल वर ढकलतंय, दोन्ही जोर सारखे, म्हणून पुस्तक जागेवर. एवढं लिहून आपण सगळ्यांनी शाळेत मार्क घेतलेले आहेत. आता त्याच्यावर तसंच दुसरं पुस्तक ठेवा, टेबल लगेच दुप्पट जोराने ढकलायला लागतं. दोन्ही उचलून नुसती पेन्सिल ठेवा, तर पेन्सिलीपुरतंच ढकलतं. जरा जास्त झालं असतं तर पेन्सिल वर उडाली असती, कमी पडलं असतं तर लाकडात रुतली असती, पण असं कधीच होत नाही, दर वेळी जोर अगदी बरोब्बर. मग टेबलाला कळतं कसं की आता वर काय ठेवलंय आणि ते किती जड आहे?

हा प्रश्न लहान मुलं विचारतात आणि मोठी माणसं 'न्यूटनचा नियम आहे' असं सांगून विषय संपवतात. मला हे अजिबात पटत नाही. नियम सांगतो की पुस्तक स्थिर आहे म्हणजे त्याच्यावरचं एकूण बल शून्य, म्हणजे टेबलाचं बल वजनाएवढं. हा हिशोब शेवटाकडून सुरुवातीकडे जातो. पुस्तक पडलं नाही हे आधी बघायचं आणि मग टेबलाने तेवढंच ढकललं असणार असं म्हणायचं. 'किती' मिळालं, 'कसं' राहूनच गेलं. (आणि बरेच जण इथे तिसरा नियम सांगतात, तोही इथला नव्हे. पुस्तकाच्या वजनाची जोडी म्हणजे पुस्तक पृथ्वीला वर ओढतं ते बल, टेबलाचा त्यात संबंध नाही. टेबलाच्या जोराची जोडी पुस्तक टेबलाला दाबतं ती.)

खरं उत्तर असं की टेबल वाकतं. डोळ्यांना दिसत नाही, पण वाकतं. बघायचं असेल तर सोपा प्रयोग आहे. एका भक्कम टेबलावर दोन आरसे थोड्या अंतरावर समोरासमोर उभे करा, लेझर पॉइंटरचा किरण एका आरशावरून दुसऱ्यावर आणि तिथून लांबच्या भिंतीवर पडेल असा लावा, आणि मग दोन आरशांच्या मधोमध टेबलावर तळहात दाबा. भिंतीवरचा लाल ठिपका सरकतो. हात उचलला की परत जागेवर. टेबलाचा पृष्ठभाग केसापेक्षाही कमी खचला असेल, पण आरसे तेवढ्यानेसुद्धा किंचित कलतात आणि किरण लांबवर जाईपर्यंत तो किंचित कल मोठा होऊन दिसतो. एकदा तो ठिपका हलताना बघितला ना, की 'घन वस्तू' या शब्दावरचा विश्वास जरा ढिला होतो.

म्हणजे पुस्तक ठेवलं त्या क्षणी टेबलाचा जोर अपुराच असतो. पुस्तक खाली जातं, लाकडातले अणू जवळ येतात, जवळ आले की एकमेकांना दूर लोटतात, जितके जवळ तितकं जास्त. पुस्तक थोडं जास्तच खाली जातं, मग जोर वजनापेक्षा जास्त होतो, पुस्तक वर फेकलं जातं, परत खाली येतं, अशी बारीक थरथर होते, ती आवाजात आणि उष्णतेत विरून जाते, आणि जिथे जोर बरोबर वजनाएवढा होतो तिथे सगळं थांबतं. पुस्तक ठेवताना 'ठप्प' आवाज येतो तो याच भानगडीचा. टेबलाला आधीपासून काहीच माहीत नव्हतं, चाचपडत चाचपडत ते त्या आकड्यापर्यंत पोचलं, आणि हे इतक्या पटकन उरकलं की आपल्याला वाटलं त्याला माहीतच होतं.

इथे थांबता आलं असतं, पण याच टेबलात अजून एक प्रश्न दडलेला आहे आणि तो मला जास्त आवडतो. टेबलाला पाय चार. प्रत्येक पायावर किती भार? तीन पायांचं स्टूल असेल तर गणित सुटतं, वरखाली बलांचं एक समीकरण, दोन दिशांना उलटण्याची दोन, तीन समीकरणं आणि तीन अज्ञात. चौथा पाय लावला की अज्ञात चार आणि समीकरणं तीनच. टेबल आणि जमीन दोन्ही एकदम कडक, जराही न वाकणारी धरली, तर न्यूटनचे नियम कोणत्या पायावर किती भार हे सांगूच शकत नाहीत! अनंत उत्तरं बसतात. अठराव्या शतकात ऑयलरसारख्या मोठ्या गणितज्ञाने चार पायांच्या भाराच्या या प्रश्नावर एक निबंध लिहिला, यावरूनच प्रश्न हलका नाही हे कळावं. आता खऱ्या टेबलाच्या प्रत्येक पायावर काहीतरी ठराविक भार असतोच, चार वजनकाटे ठेवले तर चार आकडे दिसतात. ते ठरतात पाय किती दबतो, फरशी कुठे अर्धा मिलिमीटर खाली आहे, टेबल ठेवताना कुठला पाय आधी टेकला, यावरून. तेच टेबल उचलून परत तिथेच ठेवलं तर आकडे बदलू शकतात. भिंतीला टेकवलेल्या शिडीचंही असंच, भिंत आणि जमीन दोन्हीकडे घर्षण असेल तर घर्षण कुठे किती हे शिडी कशी टेकवली यावर अवलंबून. म्हणजे वस्तूची मागची हकिगत माहीत नसेल तर आत्ताचा जोर सांगता येत नाही. पाठ्यपुस्तकातली 'संपूर्ण दृढ वस्तू' ही सोय म्हणून छान आहे, पण ती धरली की नेमकी हीच माहिती हातातून निसटते.

दृढ वस्तूचा विषय निघालाच आहे तर तो नेहमीचा प्रश्न. पृथ्वीपासून चंद्रापर्यंत पोलादाचा दांडा टाकला, इकडून एक इंच ढकलला, तर तिकडचं टोक लगेच हलेल का? हलत असेल तर प्रकाशापेक्षा वेगाने निरोप पाठवता आला! याचं उत्तर टेबलाच्याच उत्तरात आहे. दांड्याच्या दुसऱ्या टोकाला आपण ढकललंय हे कळायला मधल्या प्रत्येक थराने पुढच्याला ढकलावं लागतं, गच्च भरलेल्या रांगेत मागून दिलेला धक्का एकेकाच्या अंगावरून पुढे सरकत जातो तसं. पोलादात हा धक्का आवाजाच्या वेगाने जातो, दांड्यात तो वेग सेकंदाला साधारण ५ किलोमीटर. चंद्र सरासरी ३,८४,४०० किलोमीटरवर. भागाकार केला तर २१ तासांपेक्षा जास्त. तेच अंतर प्रकाश सव्वा सेकंदात कापतो. म्हणजे सकाळी ढकललेला दांडा चंद्रावर दुसऱ्या दिवशी पहाटे हलेल, आणि तोपर्यंत इकडचं टोक एक इंच आत गेलेलं आणि तिकडचं मात्र जागेवर, दांडा तेवढा आखूड झालेला.

हे सगळं गणितात मान्य करणं वेगळं आणि डोळ्यांनी बघणं वेगळं. बघायचं असेल तर स्लिंकी घ्या, ती मऊ लांबलचक स्प्रिंगची खेळण्यातली गुंडाळी. वरचं टोक हातात धरून खाली लोंबकळू द्यायची, डोलणं पूर्ण थांबू द्यायचं. नीट बघितलं तर वरची वेटोळी लांब लांब ओढलेली असतात आणि खालची जवळजवळ चिकटलेली, कारण वरच्या वेटोळ्याला खालच्या सगळ्यांचं वजन पेलायचं असतं, सगळ्यात खालच्याला जवळपास कुणाचंच नाही. आता मोबाईल स्लो मोशनवर लावून ठेवा आणि वरचं टोक सोडा. मी हे शूट केलं आणि मग तोच तुकडा पुन्हा पुन्हा बघत बसलो. वरचं टोक खाली कोसळत येतं, वेटोळी एकावर एक आपटत मिटत जातात, आणि खालचं टोक हवेत तसंच तरंगत राहतं. आधार सुटलाय, खाली काही नाही, तरी पडत नाही. वरची मिटत आलेली चळत त्याच्यापर्यंत पोचली की मगच सगळं मिळून खाली जातं. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्याही आत होतं म्हणून नुसत्या डोळ्याला निसटतं.

कारण तेच. खालच्या वेटोळ्यावर दोनच जण काम करतायत, पृथ्वी खाली ओढतेय आणि लगतचं वेटोळं वर. ते लगतचं वेटोळं जोवर तेवढंच ताणलेलं आहे तोवर खालच्याच्या दृष्टीने काहीच बदललेलं नाही. हात सुटल्याची बातमी स्प्रिंगमधून प्रवास करत येतेय. 'पण मग गुरुत्वाकर्षणाचं त्वरण सगळ्यांना सारखं ना?' असं कुणी विचारलं तर तेही बरोबर आहे, स्लिंकीचा गुरुत्वमध्य नेमक्या त्याच त्वरणाने पडत असतो, कारण वरचा भाग नुसत्या वजनाने येत नाही, खालचा ताणही त्याला ओढतोय, म्हणून तो दगडापेक्षाही जास्त वेगाने खाली येतो आणि खालच्या थांबलेल्या भागाची भरपाई करतो. इतक्या स्वस्त खेळण्यात इतकं शुद्ध भौतिकशास्त्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

याच ओघात गॅलिलिओचे बांधलेले दगड आठवतात. १६३८ साली छापलेल्या त्याच्या पुस्तकात हा युक्तिवाद आहे, आणि त्यात कुठलंही उपकरण लागत नाही. समजा जड दगड जास्त वेगाने पडतो आणि हलका सावकाश. दोघांना बांधलं, तर हलका जडाला मागे ओढेल, म्हणजे जोडी एकट्या जड दगडापेक्षा हळू पडायला हवी. पण जोडीचं वजन तर जड दगडाहूनही जास्त, म्हणजे ती अजून वेगाने पडायला हवी. दोन्ही एकदम खरं असू शकत नाही, म्हणून हवेचा अडथळा सोडला तर सगळे सारखेच पडतात. मी हा युक्तिवाद दुसऱ्या बाजूने बघतो. पडत असताना त्या दगडांना आपण बांधलेले आहोत हे कळणार कसं? दोघं बरोबरीने पडतायत, दोरी सैल, तिच्यात ताण नाही, एकाकडून दुसऱ्याकडे काहीच निरोप जात नाही. दोरी आहे की नाही याने त्यांना फरक पडत नाही. सूर्य चंद्राला पृथ्वीपेक्षा दुपटीहून जास्त जोराने ओढतो, मग चंद्र पृथ्वीला सोडून पळत का नाही, हा प्रश्नही इथेच सुटतो. पृथ्वी आणि चंद्र दोघंही सूर्याकडे जवळपास सारख्याच त्वरणाने पडत असतात, त्यामुळे त्यांच्या आपसातल्या व्यवहारात सूर्याच्या त्या मोठ्या ओढीचा हिशोब जवळजवळ उरतच नाही. जो बारीकसा फरक उरतो तो भरती-ओहोटीत दिसतो.

आतापर्यंत एक गोष्ट सारखी येतेय, वस्तूला फक्त तिच्या लगतच्या शेजाऱ्याचं कळतं, बाकी सगळं शेजाऱ्यामार्फत. मग सूर्य? सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये १५ कोटी किलोमीटर अंतर, दांडा नाही, दोरी नाही, स्प्रिंग नाही. पृथ्वीला सूर्य कुठे आहे हे कोण सांगतं?

ज्याने गुरुत्वाकर्षणाचा नियम दिला त्या न्यूटनलाच हे सगळ्यात जास्त खुपत होतं. १६८७ मध्ये त्याचं प्रिन्सिपिया हे पुस्तक आलं, आणि १६९३ मध्ये बेंटली नावाच्या धर्मोपदेशकाला लिहिलेल्या पत्रात त्याने स्वच्छ म्हटलंय की मध्ये काहीही नसताना एका वस्तूने दुसरीवर रिकाम्या जागेतून परिणाम करावा ही कल्पना इतकी असंबद्ध आहे की विचार करू शकणारा कुणी माणूस ती मान्य करेल असं वाटत नाही. १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत तो गुरुत्वाकर्षणाच्या कारणाबद्दल आपण तर्क रचत बसत नाही एवढं सांगून पुढे जातो. मला न्यूटनची ही बाजू फार मोठी वाटते. समीकरण चालतंय, ग्रह बरोबर जागी दिसतायत, तरी 'कसं' चं उत्तर मिळालं असं त्याने म्हटलं नाही.

पुढे फ्रेंच गणितज्ञ लाप्लासने उलटा हिशोब केला. गुरुत्वाकर्षणाचा परिणाम पोचायला वेळ लागतो असं धरलं तर पृथ्वी सूर्याच्या आत्ताच्या नाही, जुन्या जागेकडे ओढली जाईल, आणि मग कक्षा हळूहळू बिघडतील. कक्षा बिघडताना दिसत नाहीत, म्हणून हा वेग प्रकाशाच्या काही दशलक्ष पट तरी हवा असं त्याचं उत्तर आलं. पुढे बराच काळ बऱ्याच जणांना हा हिशोब भक्कम वाटला, आणि आजही 'सूर्य आत्ता गायब झाला तर' या प्रश्नाच्या मागे हाच गोंधळ असतो.

गोंधळ कुठे आहे ते समजायला विजेकडे जावं लागतं, आणि मला विचाराल तर अख्ख्या क्लासिकल (क्वांटमच्या आधीच्या) फिजिक्समधलं सगळ्यात सुंदर उत्तर तिथे आहे. फॅरेडेने मधल्या रिकाम्या जागेला कामाला लावलं, तिथे फील्ड आहे आणि तेच शेजाऱ्याचं काम करतं. मॅक्सवेलने १८६५ मध्ये या फील्डची समीकरणं मांडली आणि त्यातून निघालं की विजेची आणि चुंबकाची बातमी प्रकाशाच्या वेगाने जाते. ठीक. आता एक चार्ज (विजेचा भार असलेला कण) एकाच वेगाने सरळ रेषेत चाललाय, तुम्ही लांब उभे आहात. तुमच्यापर्यंत पोचलेली बातमी जुनी आहे, चार्ज मघाशी जिथे होता तिथून निघालेली. मग तुमच्याजवळचं विद्युत फील्ड कुठल्या दिशेला बोट दाखवेल, मघाच्या जागेकडे की आत्ताच्या? कुणीही म्हणेल मघाच्या. समीकरणं म्हणतात, आत्ताच्या! अगदी बरोबर आत्ताच्या जागेकडे.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा हे मला चक्क अन्याय वाटलं, बातमी जुनी आणि पत्ता नवा कसा? पण त्या जुन्या बातमीत चार्ज कुठे होता एवढंच नसतं, किती वेगाने आणि कुठे चालला होता हेही असतं. त्यावरून फील्ड आपोआप पुढचा अंदाज बांधतं आणि चार्ज खरंच तसाच चालत राहिला तर अंदाज तंतोतंत बरोबर येतो. आणि चार्जने दगा दिला तर? समजा तो एकदम थांबला. थांबून एक सेकंद झाला, म्हणजे ३ लाख किलोमीटर त्रिज्येच्या गोलात ही बातमी पोचलीय, तिथल्या सगळ्या फील्डच्या रेषा (फील्डची दिशा दाखवायला काढतो त्या) थांबलेल्या चार्जकडे वळल्यायत. गोलाच्या बाहेर अजून काही माहीत नाही, तिथल्या रेषा चार्ज न थांबता जिथे पोचला असता त्या जागेकडे बघतायत, जिथे तो नाहीच आणि कधी जाणारही नाही. पण रेषा मध्येच तुटू शकत नाहीत. म्हणून आतल्या आणि बाहेरच्या रेषांना जोडणारा एक वाकडा, आडवा तुकडा गोलाच्या पातळ कवचात तयार होतो, आणि ते कवच प्रकाशाच्या वेगाने बाहेर पसरत जातं. तो वाकडा तुकडा म्हणजेच विद्युतचुंबकीय लहर. जे. जे. थॉमसन यांनी दाखवलेलं हे चित्र आहे. एक्स-रेच्या नळीत वेगवान इलेक्ट्रॉन धातूवर आदळून झटकन थांबतात तेव्हा हेच होतं, आपल्या हाडांचा फोटो निघतो तो या बाहेर निघालेल्या 'अंदाज चुकला' च्या बातमीने. अँटेनात चार्ज सारखे मागेपुढे हलवले जातात, म्हणून बातमी सारखी जात राहते. प्रकाश, रेडिओ, सगळं हेच.

गुरुत्वाकर्षणातही जवळपास असंच आहे, आइनस्टाइनच्या सिद्धांतात निरोप प्रकाशाच्याच वेगाने येतो, तरी ओढ जवळजवळ आत्ताच्या जागेकडे असते, कारण येणाऱ्या निरोपात वेगाचाही पत्ता लागतो. लाप्लासने निरोपात फक्त जागा धरली होती. सूर्यापासून निघालेल्या निरोपाला यायला ८ मिनिटं २० सेकंद लागतात आणि तरी कक्षा बिघडत नाही.

म्हणजे शेजाऱ्याचा नियम टिकला. पण त्याला सगळ्यात मोठं आव्हान प्रकाशाच्या वाटेनेच दिलं होतं, न्यूटनच्याही आधी. १६६२ मध्ये फर्मा या फ्रेंच गणितज्ञाने म्हटलं की प्रकाश हवेतून पाण्यात जाताना वाकतो तो अशा वाटेने की एकूण वेळ सगळ्यात कमी लागावा. हिशोब केला की अपवर्तनाचा नियम बरोब्बर मिळतो. पण निघतानाच कमीत कमी वेळाची वाट निवडायची तर पुढे पाणी आहे, किती खोल आहे, आपल्याला कुठे पोचायचंय हे सगळं आधी माहीत हवं! तत्त्वज्ञ देकार्तच्या गोटातल्या क्लेर्सेलिएने त्याच वर्षी हाच आक्षेप घेतला, निसर्ग विचार करून, पुढचं बघून निवड करत नाही म्हणाला. आक्षेप रास्त होता. पुढे १७४४ च्या सुमारास मोपेर्त्युईने असंच तत्त्व फिरणाऱ्या-पडणाऱ्या सगळ्या वस्तूंसाठी मांडलं आणि त्यात त्याला थेट ईश्वराची काटकसर दिसली.

काटकसरीची गोष्ट तर लवकरच निकालात निघते. खूप खोलगट आरशात अशा जागा असतात जिथे परावर्तनाची खरी वाट आसपासच्या वाटांपेक्षा सगळ्यात लांब असते. म्हणजे प्रकाशाला कमी-जास्ताचं काही पडलेलं नाही, एवढंच की त्या वाटेत किंचित बदल केला तर वेळेत जवळपास काहीच फरक पडू नये. आणि हे असं का, ते लहरी सांगतात. हायगेन्सने १६९० मध्ये प्रकाशाला लहर मानणारं पुस्तक छापलं, फ्रेनेलने १८१८ पर्यंत त्याचं गणित नीट बसवलं. लहर सगळीकडे पसरते, कुठलीच वाट निवडत नाही. बहुतेक वाटांनी आलेल्या लहरी शेजारच्या वाटेच्या लहरींशी जुळत नाहीत, एकीचा चढ दुसरीचा उतार, त्या आपसात मिटतात. ज्या वाटेच्या आसपास वेळ बदलत नाही तिथल्या सगळ्या एकदम पोचतात आणि फक्त तिथे उजेड दिसतो. आपण तो उजेड बघतो आणि म्हणतो प्रकाशाने हीच वाट निवडली.

फेकलेल्या दगडाला मात्र लहर नाही, निदान क्लासिकल फिजिक्समध्ये तरी नाही, मग त्याचं काय? त्याला ऑयलरच्या पद्धतीचं उत्तर आहे आणि तेही मला पुरेसं वाटतं. प्रकाशाच्या वाटेला जसा एकूण वेळ, तशी दगडाच्या वाटेला तुकड्यातुकड्याने मोजलेली एक बेरीज असते, तिला 'ॲक्शन' म्हणतात. अख्ख्या वाटेची ती बेरीज स्थिर, म्हणजे वाट किंचित बदलली तरी जवळपास न बदलणारी, हवी असेल तर वाटेच्या प्रत्येक बारीक तुकड्याचीही स्थिर असावीच लागते, नाहीतर तोच तुकडा बदलून बेरीज बदलता आली असती. आणि बारीक तुकड्यासाठी ही अट लिहिली की हातात येतो न्यूटनचाच नियम, इथला जोर, इथलं त्वरण, पुढचं काही नाही. दगड शेवट बघत नाही, आपण शेवट बघून बेरीज मांडतो. तरी हॅमिल्टनला १८३४ च्या आसपास यांत्रिकी आणि प्रकाशशास्त्राचं गणित इतकं सारखं दिसावं, आणि त्या साम्याचं खरं कारण कळायला विसावं शतक उजाडावं लागावं, हे विलक्षणच.

एका ठिकाणी मात्र शेजारी सापडत नाही.

बादली. लांब दोरीला टांगलेली, निम्मी पाण्याने भरलेली. दोरीला खूप पीळ द्या, पाणी शांत होऊ द्या, मग सोडा. आधी बादली गरगर फिरते आणि पाणी सपाट. हळूहळू पाणीही बादलीबरोबर फिरायला लागतं आणि कडेने वर चढतं, मध्ये खळगा पडतो. आता बादली धरून थांबवा, पाणी अजून फिरतंच आहे, खळगा तसाच. यातले पहिले दोन टप्पे न्यूटनने प्रिन्सिपियात लिहून ठेवलेत आणि त्यातला मुद्दा फार धारदार आहे. पहिल्या वेळी पाणी आणि बादली यांच्यात सगळ्यात जास्त फरक होता तेव्हा पाणी सपाट होतं. दुसऱ्या वेळी दोघं बरोबर फिरत होते, फरक शून्य, तेव्हा खळगा. तिसऱ्या वेळी परत फरक जास्त, आणि खळगा आहेच. म्हणजे पाणी बादलीकडे बघून वागत नाही. बादली हा त्याचा लगतचा शेजारी, आणि आपण फिरतोय हे त्याला शेजाऱ्याकडून कळलेलं नाही. मग कुणाकडून?

न्यूटन म्हणाला, निरपेक्ष अवकाशाकडून, म्हणजे कशाच्याही तुलनेत नाही, आपलं आपण स्थिर असलेल्या जागेकडून. भौतिकशास्त्रज्ञ माख १८८३ मध्ये म्हणाला, हे काही उत्तर झालं नाही, पाणी लांबच्या ताऱ्यांच्या तुलनेत फिरतंय एवढंच आपण बघू शकतो, आणि बादलीच्या भिंती कित्येक कोस जाड केल्या तर पाणी तिचंही ऐकेल की नाही हे कुणी सांगू शकत नाही. फूकोने १८५१ मध्ये पॅरिसच्या पँथिऑनमध्ये ६७ मीटरच्या तारेला २८ किलोचा गोळा टांगून लंबक हलवला होता, तासाला सुमारे ११ अंशांनी त्याची झुलण्याची दिशा वळत जात होती, साधारण ३२ तासांत एक फेरी. बंद इमारतीत टांगलेला गोळा बाहेरच्या ताऱ्यांचा हिशोब पाळतो! तारे खरंच त्याला काही सांगतायत, की तारे आणि लंबक दोघंही तिसऱ्याच कुणाचं ऐकतायत?

माखच्या जाड भिंतीचं उत्तर अर्धं मिळालंय. थिरिंगने १९१८ मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांतून दाखवलं की फिरणारं जड कवच आतल्या वस्तूंना किंचित आपल्याबरोबर ओढतं. फिरती पृथ्वीसुद्धा ओढते, ग्रॅव्हिटी प्रोब बी या उपग्रहातल्या जायरोस्कोपनी (आपल्या अक्षाची दिशा धरून ठेवणाऱ्या फिरत्या गोळ्यांनी) ते मोजलं आणि २०११ मध्ये निकाल आला, परिणाम इतका बारीक की वर्षाला एका अंशाच्या सुमारे एक लाखाव्या भागाएवढा. म्हणजे जाड भिंतीचं पाणी थोडं ऐकतं. पण त्याच समीकरणांना पूर्ण रिकामं, एकही तारा नसलेलं विश्वही चालतं, आणि त्या विश्वात एकटी बादली फिरवली तर पाणी कडेने चढेल असंच ती सांगतात. माखला हे अजिबात आवडलं नसतं. आइनस्टाइनला सुरुवातीला माखचं म्हणणं आपल्या सिद्धांतात पुरं उतरावं असं फार वाटत होतं, ते तसं उतरलं नाही. मला स्वतःला समीकरणांचं पटतं, पाणी चढेल, कारण आइनस्टाइनच्या सिद्धांतात अवकाश रिकामं असलं तरी त्याला आकार आहे, आणि फील्ड जसं शेजाऱ्याचं काम करतं तसं तो आकार पाण्याच्या प्रत्येक थेंबाला अगदी लगत आहे. पण त्या आकाराने सरळ जाणं कशाला म्हणायचं आणि फिरणं कशाला हे, तारा एकही नसताना, मुळात का ठरवावं, याला माझ्याकडे काहीच उत्तर नाही, आणि ज्यांच्याशी बोललो त्यांच्यापैकी कुणाकडेही मला पटेल असं सापडलेलं नाही.